मेरिट नंबरची उभी रेघ

जूनच्या मध्यावर सीईटीचा निकाल लागतो आणि घरात एक पीडीएफ शिरते. गेल्या वर्षीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कटऑफची. पानं शेकड्यांनी. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली, मोबाइलवर दोन बोटांनी मोठी करत वाचायची, आणि वाचता वाचता आपण कुठल्या कॉलेजच्या पानावर होतो तेच विसरायचं. बाबा पुण्याची पानं चाळतात, मुलगी कॉम्प्युटरच्या ओळी शोधते, मामा फोनवरून छातीठोकपणे सांगतो, ‘अगं, आपल्याला तिथे सहज मिळेल.’ तिघं एकाच यादीबद्दल बोलत असतात, पण तिघांची नजर वेगवेगळ्या रकान्यावर असते.

यादीत खोट काही नसते. राज्याच्या सीईटी कक्षाने प्रत्येक जागा कुठल्या नंबरावर थांबली त्याची नोंद ठेवलेली असते, आणि नोंद म्हणून ती चोख असते. घराला मात्र वेगळंच हवं असतं: आपला नंबर या सगळ्या ठिकाणांच्या मानाने कुठे बसतो? चारशे पानं वाचून याचं उत्तर डोक्यात तयार होत नाही. एका कागदावर काढलं, तर दिसतं.

काढण्याआधी यादीतली एक चौकट नीट वाचायला हवी, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. समजा, रकान्याच्या डोक्यावर ‘एल-ओबीसी-ओ’ अशा अर्थाची अक्षरं आहेत. पहिलं अक्षर जी असेल तर जागा सर्वसाधारण, एल असेल तर मुलींची राखीव. मधली अक्षरं प्रवर्गाची. शेवटचं अक्षर सगळ्यात फसवं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे तिथलेच; ओ म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीबाहेरून आलेले, एस म्हणजे राज्यस्तर. त्याखाली दोन आकडे असतात. वरचा राज्याच्या गुणवत्ता यादीतला मेरिट नंबर, खालचा कंसातला पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या किती जणांना मागे टाकलं तो आकडा. दोन्ही त्या जागेवर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचे.

आता साताऱ्यात बारावी झालेली, ओबीसी प्रवर्गातली एक मुलगी घेऊ. सातारा शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यातल्या कॉलेजांत ती एचवाली. पुण्याच्या खासगी कॉलेजात ओवाली. घरात मात्र पुण्याच्या कॉलेजचा एच रकाना वाचला जातो, कारण तो पानावर आधी येतो. तिथला आकडा तिच्या कामाचा नाही. दुसरी गोष्ट, ओबीसी आहे म्हणून तिने फक्त ओबीसीचा रकाना पाहायचा असंही नाही. ती खुल्या जागेवर बसू शकते, खुल्या मुलींच्या जागेवर, ओबीसीच्या सर्वसाधारण जागेवर आणि ओबीसी मुलींच्या जागेवर. चार दारं, आणि त्यातलं जे सगळ्यात उशिरा बंद झालं तेच तिचं खरं कटऑफ. एक्सेल किंवा गुगलच्या शीटमध्ये हे एका सूत्राचं काम आहे: त्या चार रकान्यांच्या मेरिट नंबरांतला कमाल आकडा, म्हणजे मॅक्स. मेरिट नंबर जितका मोठा तितकं दार उशिरा मिटलं. पर्सेंटाइल वापरत असाल तर उलटं, किमान घ्यायचं. ही उलटापालट एकदा चुकली की पुढचं सगळं चित्र डोक्यावर उभं राहतं.

माहिती शीटमध्ये आणणं हे खरं कंटाळवाणं काम. टॅब्युलासारखं मोफत साधन पीडीएफमधल्या तक्त्यांचं एक्सेल करून देतं, पण तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, प्रत्येक ब्रँचच्या तक्त्यात सगळे रकाने नसतात. ज्या प्रकारात कुणाला जागा मिळाली तेवढेच छापलेले असतात. त्यामुळे वरच्या ब्रँचचा पाचवा रकाना आणि खालच्या ब्रँचचा पाचवा रकाना एकच असेल याचा भरवसा नाही. रकान्याचं नाव बघूनच आकडा उचलायचा. दोन, कंसातला पर्सेंटाइल. हिशेबाच्या रिवाजात कंस म्हणजे वजा, आणि एक्सेल तो रिवाज पाळतं. (९८.७६) असं चिकटवलं की शांतपणे उणे ९८.७६ होऊन बसतं. तीन, रिकामी चौकट. रिकामी म्हणजे त्या वर्षी त्या प्रकारात वाटप झालं नाही. तिथे कुणी शून्य भरलं की सरासरी कोसळते. रिकामं रिकामंच राहू द्यावं.

एका ब्रँचखाली एकाहून जास्त ओळी दिसल्या तर बहुतेक वेळा पहिल्या टप्प्याची ओळ घ्यावी. पुढचे टप्पे म्हणजे एका प्रवर्गाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा दुसरीकडे वळवल्या त्याची नोंद. त्यावर बेत आखू नये.

सगळ्या कॉलेजांची माहिती गोळा करायचा हव्यासही नको. कॉलेजच्या कोडचा पहिला अंक (आधी शून्य असेल तर ते सोडून) विभाग सांगतो: १ अमरावती, २ औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), ३ मुंबई, ४ नागपूर, ५ नाशिक, ६ पुणे. म्हणून मुंबईचं व्हीजेटीआय ३०१२ आणि पुण्याचं सीओईपी ६००६. दोन विभाग, तीन-चार ब्रँचेस एवढं घेतलं की चाळीस ते साठ ओळींत काम भागतं, आणि तेवढं हातानेही एका रविवारी उतरवता येतं. हाताने उतरवलेल्यात चुका कमी सापडतात, हेही सांगून ठेवतो.

मेरिट नंबर घ्यायचा की पर्सेंटाइल, यावर घराघरांत वाद होतात. समजा पीसीएमला (भौतिक, रसायन, गणित या गटाला) ३ लाख मुलं बसली. ९९ पर्सेंटाइलच्या वर साधारण ३,००० मुलं, ९८च्या वर ६,०००. एका पर्सेंटाइलमध्ये रांग दुप्पट झाली. ९०च्या वर ३०,००० आणि ८९च्या वर ३३,०००. इथे तोच एक पर्सेंटाइल रांगेला जेमतेम दहावा हिस्सा जोडतो. पर्सेंटाइलच्या पट्टीवर मात्र दोन्ही अंतरं सारखीच दिसतात. वर सगळं चिकटून बसतं आणि ९९.२ व ९८.७ ‘जवळपास सारखेच’ वाटतात. ते सारखे नाहीत. मध्ये दीड हजार मुलं उभी आहेत. शिवाय परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, तर जागा मोजायच्या त्या रांगेतल्या नंबरानेच. म्हणून गुणवत्ता यादी लागेपर्यंत पर्सेंटाइलवर अंदाज बांधावा आणि यादी लागली की सगळं मेरिट नंबरावर न्यावं. (यादीत फक्त प्रवेशाचा अर्ज भरलेलेच असतात, त्यामुळे नंबर पर्सेंटाइलवरून काढलेल्यापेक्षा लहान आला तर घाबरू नका.)

आता चित्र. उभ्या बाजूला कॉलेज-ब्रँचच्या ओळी, आडव्या पट्टीवर मेरिट नंबर, डावीकडे लहान, उजवीकडे मोठा. पट्टी साधी नको, लॉग स्केलची हवी: १,००० ते २,००० जेवढं अंतर, तेवढंच १०,००० ते २०,०००. गुगल शीट्समध्ये स्कॅटर चार्टच्या आडव्या अक्षाला ही सोय एका टिकेवर आहे. साधी पट्टी घेतली तर वरची वीस कॉलेजं डाव्या कडेला मुंग्यांसारखी गोळा होतात आणि नेमकी तीच वाचता येत नाहीत. प्रत्येक ओळीवर तीन टिंबं, गेल्या तीन वर्षांच्या प्रवेशाच्या पहिल्या फेरीची. मग शीटमध्ये एक जादा रकाना करून प्रत्येक ओळीसमोर स्वतःचा मेरिट नंबर भरायचा आणि तोही चार्टमध्ये घ्यायचा. सगळी टिंबं एकाखाली एक येतात आणि आपोआप उभी रेघ तयार होते.

पहिल्या फेरीचीच टिंबं का? २०२४मध्ये तीन फेऱ्या होत्या, २०२५मध्ये चार झाल्या. ‘तिसऱ्या फेरीचं कटऑफ’ म्हणजे एका वर्षी शेवटची संधी आणि दुसऱ्या वर्षी शेवटच्या आधीची. बरोबरीचं काय, तर पहिली फेरी. हवं तर अगदी अलीकडच्या वर्षाच्या शेवटच्या फेरीची एक लहान फुली त्याच ओळीवर टाकावी. नंतर दार किती उघडलं ते कळतं.

त्या साताऱ्याच्या मुलीचा नंबर १८,४०० धरू. एका ओळीवरची तिन्ही टिंबं १८,४००च्या उजवीकडे आहेत: तिन्ही वर्षी ती आत गेली असती. दुसऱ्या ओळीवरची तिन्ही डावीकडे: तिन्ही वर्षी दार तिच्याआधी मिटलं. आणि तिसऱ्या ओळीवर १५,९००, १९,७००, १७,३००. रेघ मधून जाते. आत, बाहेर आणि काठावर. साठ ओळींतल्या पन्नासेक पहिल्या नजरेतच बाजूला होतात, आणि पीडीएफ चाळण्यात जे आठ दिवस जायचे ते आता काठावरच्या दहा-बारा ओळींवर खर्च करता येतात. चित्राचा उपयोग एवढाच, पण एवढा आहे.

टिंबांमधलं अंतरही वाचायला शिकावं. सर्वसाधारण खुल्या जागांच्या रकान्यात टिंबं सहसा जवळजवळ पडतात, कारण तिथे जागा बऱ्याच असतात. एनटी-डीला (भटक्या जमातींचा ड गट) आरक्षण २ टक्के. ६० जागांच्या ब्रँचमध्ये म्हणजे एखादीच जागा, आणि तीही होम-बाहेरचे, मुलं-मुली अशी वाटली जाणार. तिथलं कटऑफ हा एका मुलाचा नंबर असतो. तो मुलगा यंदा दुसरीकडे गेला की टिंब वीस हजारांनी उडी मारतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण पातेल्यात शीतच एक असेल तर परीक्षा कसली? अशी लांब पसरलेली ओळ दिसली की ती ‘काठावर’ समजावी, टिंबं कुठेही असोत.

याच्या उलट, एकच टिंब असलेल्या ओळी. एआय अँड डेटा सायन्स, एआय-एमएल, कॉम्प्युटरच्या पोटातली आणखी एखादी नवी पाटी. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५पासून चांगल्या कॉलेजांच्या प्रवेशक्षमतेवरची वरची मर्यादा काढली, तेव्हापासून जागांची संख्याही स्थिर नाही. काल ६० होत्या त्या आज १८० झाल्या तर जुनी टिंबं जुन्या दाराची आहेत. त्या वर्षीचा जागांचा तक्ता आला की ओळीच्या शेवटी जागांचा आकडा लिहून ठेवावा. वाढल्या असतील तर कटऑफ उजवीकडे सरकायचीच शक्यता जास्त.

चित्रांबद्दल एक गाऱ्हाणं इथेच. कॉलेज निवडायला मदत करणाऱ्या पानांवर कोळ्याच्या जाळ्यासारखा तक्ता फार दिसतो: सहा टोकं, त्यावर पसरलेला रंगीत डाग, आणि डाग मोठा तर कॉलेज चांगलं. टोकांची क्रमवारी बदलून बघा, त्याच आकड्यांचा डाग लहान-मोठा होतो. १९८४ साली विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं की माणूस एकाच पट्टीवरचं स्थान अचूक वाचतो. कोन आणि क्षेत्रफळ वाचताना मात्र चुकतो. म्हणजे टिंब आणि पट्टी. दिसायला गरीब, पण खोटं बोलत नाहीत. आणि सगळ्या गोष्टींचं कडबोळं करून ‘१० पैकी ७.८’ देणाऱ्या तक्त्याबद्दल तर बोलायलाच नको. त्यात वसतिगृहाला किती वजन द्यायचं हे तुमच्या वतीने तिसऱ्याच माणसाने ठरवलेलं असतं.

आत आणि काठावर किती कॉलेजं आहेत ते कळलं, पण त्यातलं आधी कुठलं लिहायचं हे कटऑफ सांगत नाही. कटऑफ म्हणजे मागच्या मुलांची गर्दी कुठे होती त्याची खूण. कॉलेजात पुढे काय होतं, ते एनआयआरएफसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीसाठी, कॉलेजांनी भरलेल्या तक्त्यात सापडतं. क्रमांक सोडून द्या. त्याखाली दडलेली पीडीएफ उघडा, जी कॉलेजांनाही आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. चार वर्षांच्या पदवीसमोर ओळी असतात: पहिल्या वर्षाला किती आले, थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमावाले किती आले, ठरलेल्या मुदतीत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, त्यांचा मध्यक पगार (सगळे पगार ओळीने लावले तर मधला) किती, पुढे शिकायला किती गेले.

समजा एका कॉलेजचे आकडे असे: आले ४८०, डिप्लोमाचे ६०, वेळेत पास ४३०, नोकरी २९०, पुढचं शिक्षण ४०. एकाखाली एक पट्ट्या काढा: ५४०, ४३०, ३३०. शंभरातले ऐंशी वेळेत बाहेर पडले, आणि त्यातल्या चारांपैकी तिघांचं काहीतरी मार्गी लागलं. याच कॉलेजच्या पत्रकावर ‘९५ टक्के प्लेसमेंट’ असू शकतं आणि तेही खोटं नसतं. तिथे भागाकार फक्त ‘पात्र आणि इच्छुक’ मुलांनी केलेला असतो. पट्टी काढताना डिप्लोमावाले छेदात धरायला विसरू नका, नाहीतर काही कॉलेजांत आलेल्यांपेक्षा पास झालेले जास्त निघतात.

पगाराचंही तेच. दहा मुलांपैकी नऊ जणांना साडेचार लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले, तर सरासरी ८.४५ लाख होते, जी दहातल्या एकालाही मिळालेली नाही. मध्यक साडेचारच राहतो. एनआयआरएफच्या तक्त्यात मध्यक असतो, म्हणून तो घ्यायचा. पण तो सगळ्या ब्रँचेसचा एकत्र असतो हे चार्टच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर एकाच भांड्यात ढवळलेले असतात.

अमेरिकेत सरकारचंच कॉलेज स्कोअरकार्ड आहे. पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, शिकून गेलेल्यांचा मध्यक पगार, आणि प्रत्येक पट्टीवर देशातल्या कॉलेजांच्या मध्याची खूण. आपल्याकडे हे तीन दुकानांतून गोळा करावं लागतं: कटऑफ सीईटी कक्षाकडून, फी शुल्क नियामक प्राधिकरणाकडून, पगार एनआयआरएफमधून.

खर्चाची पट्टी चार वर्षांची काढा, एका वर्षाची नको, आणि चार रंगांत तोडा: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, राहणं-जेवण, प्रवास. तोडायचं कारण असं की सवलत पहिल्याच रंगावर चालते. २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. साताऱ्याच्या आपल्या मुलीचा पहिला रंग पुसला जातो, आणि मग जे कॉलेज महाग वाटत होतं ते गावाजवळच्याच्या बरोबरीला येतं, किंवा पुण्यातलं स्वस्त कॉलेज खोलीच्या भाड्यामुळे वर जातं. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या जागेवरच मिळते. संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती जागा घेतली तर पट्टी पुन्हा पूर्ण लांबीची. कोटींच्या कर्जाचे हिशेब करणाऱ्या घरांतही ही साधी पट्टी काढलेली क्वचित दिसते.

टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफी योजनेच्या) जागा याहून वेगळ्या. मंजूर जागांवर ५ टक्के जादा, शिक्षण शुल्क माफ, निवड गुणवत्तेवर. चार्टमध्ये तिची स्वतंत्र ओळ ठेवा, कारण ऑप्शन फॉर्ममध्येही (हवी ती कॉलेजं क्रमाने भरायच्या अर्जात) तिचा कोड स्वतंत्र असतो, शेवटी टी लावलेला. नेहमीचा कोड भरला की तीही आपोआप धरली जाईल या समजुतीत दरवर्षी मुलं राहतात.

प्रवासासाठी नकाशावर टाचण्या टोचत बसू नये. डोंबिवलीहून माटुंगा आणि डोंबिवलीहून ऐरोली यांतली किलोमीटर नकाशा सांगेल. सकाळी आठची गर्दी कुठल्या दिशेला तोंड करून असते, ते सांगणार नाही. सकाळी घराच्या दारापासून कॉलेजच्या दारापर्यंत किती मिनिटं, एवढा एक आकडा ओळीसमोर पुरे.

मग ऑप्शन फॉर्म. त्यात ३००पर्यंत पर्याय भरता येतात. तीस-चाळीस नीट निवडलेले पुरतात. क्रम आवडीचा लावायचा, शक्यतेचा नाही. यंत्रणा वरून खाली येते आणि तुमच्या नंबराला मिळू शकणारी पहिली जागा देते, त्यामुळे ‘बाहेर’ गटातलं स्वप्न वर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. ‘मिळणारं आधी लिहू’ हा जपून वागण्याचा सल्ला म्हणूनच उलटा बसतो: मिळणारं मिळतं आणि त्याखालचं जास्त आवडीचं वाचलंच जात नाही.

एक गोम आहे. २०२५च्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला तरी तेच. म्हणून छापलेल्या यादीवर १, ३ आणि ६ या आकड्यांखाली जाड रेघा ओढाव्यात. रेघेच्या वर असं काहीही नको, जे मिळाल्यावर घरात शांतता पसरेल. नियम वर्षागणिक हलतात, तेव्हा रेघा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच मारायच्या.

पहिली फेरी झाली की यंदाचं कटऑफ येतं आणि दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात. तेवढ्यात साठही ओळींना चौथं टिंब लावायची गरज नाही. काठावरच्या दहा-बारांनाच लावा, वेगळ्या रंगात. ते जुन्या तिघांच्या डावीकडे पडलंय की उजवीकडे, एवढं बघून त्या दहा ओळी वर-खाली करायच्या. बाकीची यादी जशी आहे तशी राहू द्यायची.